दुसऱ्या दिवशीचा शोमरोनी

दूर कोठे धरणीकंप झाला की त्याचे पडसाद पुढच्या रविवारी आपल्या धर्मग्रामांत उमटतात. मिस्सा संपता संपता धर्मगुरू निवेदन करतात, दानाची थैली आणखी एकदा फिरते, आणि घरी परतणाऱ्या प्रत्येकाच्या मनात, आपण अजून काही करावयास हवे होते, ही चुटपुट राहते. २००१ साली कच्छ, २०१५ साली नेपाळ, २०२३ साली तुर्कस्तान आणि सीरिया : नावे बदलली, चुटपुट तीच राहिली. अलीकडच्या काळात तिला एक नवी वाट फुटली आहे. आपल्या तरुण पिढीतील अनेक जण परदेशी नोकरीस आहेत. कोणी परिचारिका आहे, कोणी अभियंता, कोणी नुसताच धडधाकट आणि उत्साही. केवळ पैसे देऊन त्यांचे समाधान होत नाही. ‘आपण स्वतः जावे’ असे त्यांना वाटते, आणि काही जण जातातही.

परत आल्यावर ही माणसे लिहितात. परदेशातील भूकंपग्रस्तांमध्ये घालविलेल्या दिवसांचे वर्णन हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकारच बनला आहे. इंग्रजीत अशी पुस्तके पुष्कळ आहेत. मराठीत लेख, पत्रे आणि दैनंदिन्या आहेत. या लेखनाची परीक्षा मात्र फारशी होत नाही. सत्कृत्याच्या हकीकतीवर टीका कशी करावी, असा संकोच वाटतो. आम्हांलाही तो आजवर वाटत आला. परंतु ज्या लेखनातून उद्याचे स्वयंसेवक आपला आदर्श घेणार, त्याची चिकित्सा टाळणे हे त्या स्वयंसेवकांवर आणि ज्यांच्या दारी ते जाणार त्यांच्यावरही अन्याय करण्यासारखे आहे. म्हणून हा प्रपंच.

या लेखनाचा सर्वसाधारण साचा वाचकांच्या परिचयाचा असेल. विमानतळावरची गर्दी, ढिगाऱ्यांचे पहिले दर्शन, पाण्याची टंचाई, तंबूतील झोप नसलेल्या रात्री, एखाद्या लहान मुलाने हातात घातलेला हात, आणि शेवटी स्वतःच्या सुखी जीवनाविषयी वाटलेली कृतज्ञता. यातील एकही गोष्ट खोटी नसते. तरीही पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या स्मरणात एकच व्यक्ती उरते, ती म्हणजे लेखक. ज्यांची घरे पडली त्यांना या कथेत चेहरे असतात, पण नावे नसतात. अश्रू असतात, पण मते नसतात. त्या देशात डॉक्टर होते का, शिक्षक होते का, गावाचा कोणी कारभारी होता का, पहिल्या रात्री दगड कोणी उपसले, हे आपल्याला कळतच नाही. वाचकाची समजूत अशी होते की, विमान उतरेपर्यंत तेथे केवळ आक्रोश होता आणि विमान उतरल्यावर कार्य सुरू झाले.

या लेखनाला लावण्याजोगी कसोटी आपल्याला फार दूर शोधावी लागत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा शोमरोनी त्या मुलखात परकाच होता. म्हणजे परक्या भूमीत धावून जाणाऱ्या स्वयंसेवकाचा तो मूळपुरुषच म्हणावयाचा. त्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविले. आपली प्रवचने आणि आपल्या चर्चमधील चित्रे बहुधा येथेच थांबतात. दृष्टान्त मात्र पुढे चालतो. शोमरोनी त्याला उतारशाळेत आणतो, रात्रभर त्याची शुश्रूषा करतो आणि दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी करतो. उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती तो दोन दिनार ठेवतो. त्या माणसाची काळजी घेण्याचे काम रक्षकावर सोपवितो. आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असे वचन देतो. पैसा, विश्वास आणि परत येण्याचे वचन : दुसऱ्या दिवसाचे हे कर्तव्य आहे. आणि ज्याच्या भरवशावर हे सारे उभे आहे तो उतारशाळेचा रक्षक आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला आहे. आमचे म्हणणे एवढेच की, भूकंपसेवेची कोणतीही हकीकत वाचताना प्रथम विचारावे : यात रक्षक कोठे आहे? आणि दुसरा दिवस उगवतो का?

ही कसोटी लावण्यासाठी आम्ही मुख्यतः एक पुस्तक निवडले आहे. डॉ. पॉल फार्मर यांचे ‘हैती आफ्टर द अर्थक्वेक’ हे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. फार्मर हे अमेरिकन डॉक्टर, संस्काराने कॅथलिक, आणि पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या मुक्तिदायी ईशज्ञानाचे ऋण मानणारे. १९८३ साली ते प्रथम हैतीस गेले आणि १९८७ साली त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. २०२२ च्या फेब्रुवारीत रवांडा देशात त्यांचे निधन झाले. म्हणजे भूकंप झाला तेव्हा हैती त्यांना परकी राहिली नव्हती. तेथे त्यांची पंचवीसहून अधिक वर्षे गेली होती.

भूकंपाची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १२ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास, राजधानी पोर्तो प्रिन्सच्या पश्चिमेस लेओगान गावाजवळ केंद्र असलेला ७ तीव्रतेचा धक्का बसला. सरकारी कारभारच जमीनदोस्त झाला. २९ पैकी २८ मंत्रालयांच्या इमारती कोसळल्या. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद खचला. कॅथीड्रल कोसळले आणि आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो मृत्यू पावले. सरकारी रुग्णालयाच्या आवारातील परिचारिकांच्या शाळेची इमारत खाली आली आणि तिच्याखाली अनेक विद्यार्थिनी गाडल्या गेल्या. मृतांची संख्या सरकारने ३ लाखांहून अधिक सांगितली. इतरांचे अंदाज पुष्कळ कमी आहेत. सुमारे १५ लाख लोक बेघर झाले. आणि सहाच आठवड्यांनी, २७ फेब्रुवारी रोजी, चिली देशात ८.८ तीव्रतेचा, म्हणजे कित्येक पटींनी प्रचंड भूकंप झाला. तेथे मृत्यू झाले ते सुमारे सव्वापाचशे. या दोन आकड्यांमधील दरी भूगर्भशास्त्राने भरून निघत नाही.

फार्मर यांच्या पुस्तकाचा पहिला मोठेपणा असा की ते ही दरी भरण्याचा प्रयत्न करतात. हैतीचा भूकंप म्हणजे जुनाट दुखण्यात उठलेली तीव्र कळ आहे, असे त्यांचे निदान आहे. डॉक्टर रोग्याची कुंडली विचारतो, तशी ते देशाची विचारतात. गुलामांनी बंड करून १८०४ साली मिळविलेले स्वातंत्र्य, १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून मागितलेली १५ कोटी फ्रँकची भरपाई, जी फेडता फेडता तो देश कर्जात रुतला, १९१५ ते १९३४ पर्यंतचा अमेरिकेचा ताबा, नंतरच्या हुकूमशाह्या, आणि उजाड झालेल्या डोंगरांवरून शहराकडे लोटलेली माणसे, ज्यांनी निकृष्ट काँक्रीटची घरे उतारांवर रचली. धक्का ३५ सेकंदांच्या आसपासचा होता. पण त्या घरांच्या भिंती दोनशे वर्षे कच्च्या होत आल्या होत्या. जो स्वयंसेवक हे न वाचता तेथे उतरतो तो जखम पाहतो, रोग पाहत नाही. सेवेला निघणाऱ्याने पिशवी भरण्यापूर्वी त्या देशाचा इतिहास वाचावा, हा या पुस्तकाचा पहिला धडा आहे.

दुसरा मोठेपणा त्याहून महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यातील सरकारी रुग्णालयाचे वर्णन करताना फार्मर शस्त्रक्रियागृहातील परदेशी तज्ज्ञांपाशी थबकत नाहीत. रुग्णालयाचे संचालक डॉ. अलिक्स लासेग आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे ते वाचकाचे लक्ष वेधतात. त्या माणसांची स्वतःची घरे गेली होती, नातलग गेले होते, आणि दारात जगभरातून आलेली पथके, ज्यांतील प्रत्येकाला ताबडतोब काम, जागा आणि औषधे हवी होती. मदत करावयास आलेल्यांची व्यवस्था लावणे हेच तेथे मोठे काम होऊन बसले. ज्याच्या घरी दुःख झाले आहे त्यालाच समाचाराला आलेल्या पाहुण्यांची उठबस करावी लागावी, असा हा प्रकार. आपल्या गावांत अशा वेळी शेजारी पुढे होऊन चूल सांभाळतात. हैतीत पाहुणे इतके होते की शेजाऱ्यालाही चुलीपर्यंत जाता येईना.

ही अडचण केवळ रुग्णालयापुरती नव्हती. विमानतळाचा ताबा अमेरिकन सैन्याने घेतल्यावर वैद्यकीय साहित्याची काही विमाने शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाकडे वळविली गेली. जगभरातून आलेल्या शोधपथकांनी ढिगाऱ्यांतून जिवंत काढलेल्यांची संख्या १३० हून थोडी अधिक आहे. हे काम शौर्याचे होते, त्याचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वाचलेल्यांपैकी बाकी सर्व जणांना शेजाऱ्यांनी, भावंडांनी, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनी हातांनी आणि पहारींनी बाहेर काढले. त्यांची छायाचित्रे निघाली नाहीत, कारण छायाचित्रकार अजून यावयाचे होते. पैशाचे तेच झाले. तातडीच्या मदतीपैकी जेमतेम एक टक्का रक्कम हैतीच्या सरकारच्या हाती पडली. सरकार भ्रष्ट आहे, असे कारण दिले गेले, आणि ते सर्वस्वी निराधार होते असेही नाही. पण रक्षकाला वगळून उतारशाळा चालविता येईल, ही समजूत मात्र निराधार ठरली.

आता पुस्तकातील उणिवांकडे वळतो. फार्मर त्या काळी बिल क्लिंटन यांच्या हाताखाली संयुक्त राष्ट्रसंघाचे उपविशेषदूत होते. त्यामुळे पुस्तकाचा मधला भाग परिषदा, समित्या आणि आश्वासनांच्या आकड्यांनी भरून जातो. पहिल्या प्रकरणांतील रक्तामांसाची माणसे तेथे हरवतात. लेखकाची निराशा ओळींमधून जाणवते, पण ज्यांच्यासह काम करावयाचे त्यांच्याविषयी शब्द जपून वापरल्याचेही जाणवते. याहून मोठी उणीव रचनेची आहे. हैतीच्या माणसांना स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावे, असे फार्मर यांना मनापासून वाटते. म्हणूनच त्यांनी कादंबरीकार एडविज डँटिका, पत्रकार मिशेल मोंतास, स्वतःच्या हैतियन पत्नी दिदी बर्त्राँ फार्मर आणि इतर काहींचे लेख पुस्तकात समाविष्ट केले. मोंतास यांचा लेख तर आमच्या मते या ग्रंथाचा प्राण आहे. ज्यांना कोणी काही विचारीत नाही अशा सामान्य हैतीवासीयांना विचारून त्यांचे म्हणणे देणगीदार राष्ट्रांच्या परिषदेपर्यंत नेण्याचा जो प्रयत्न झाला, त्याची ती हकीकत आहे. परंतु हे सर्व लेख पुस्तकाच्या शेवटी, ‘इतर आवाज’ या विभागात येतात. घरच्या माणसांचा आवाज ‘इतर’ कसा? रक्षकाला बोलावले खरे, पण पंगत उठल्यावर. इतक्या सहृदय लेखकाच्याही हातून हे घडावे, यावरून हा साचा किती चिवट आहे हे ध्यानात येते.

जे फार्मर जपून बोलतात ते जोनाथन कॅट्झ रोखठोक सांगतात. भूकंपाच्या वेळी ते पोर्तो प्रिन्स येथे एका अमेरिकन वृत्तसंस्थेचे बातमीदार होते. त्यांचे ‘द बिग ट्रक दॅट वेंट बाय’ हे पुस्तक २०१३ साली आले. जग मदतीला आले आणि मागे एक आपत्ती ठेवून गेले, हा त्याचा आशय. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा पसरला. निदान शंभर वर्षे त्या भूमीस हा रोग ठाऊक नव्हता. मिरबाले गावाजवळच्या शांतिसैनिकांच्या छावणीतील मैला नदीत गेला आणि तेथून साथ देशभर पोहोचली. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले; सुमारे दहा हजार मृत्युमुखी पडले. सुरुवातीस जबाबदारी नाकारली गेली. हा माग शोधून काढणाऱ्यांत कॅट्झ अग्रभागी होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात. सद्हेतूने आलेल्या पाहुण्याच्या पायांनीही घरात मृत्यू येऊ शकतो. म्हणून सेवेला जाणाऱ्याने आपला हेतू तपासावा तसे आपले पायही तपासावेत.

आणखी एक घटना आपणा ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये. भूकंपानंतर तीनच आठवड्यांच्या आत अमेरिकेतील दहा ख्रिस्ती स्वयंसेवकांना हैतीच्या सरहद्दीवर अटक झाली. ३३ मुलांना आवश्यक कागदपत्रांशिवाय ते देशाबाहेर नेत होते. अनाथांना आसरा देतो, अशी त्यांची भावना होती. प्रत्यक्षात त्यांतील अनेक मुलांचे आईवडील हयात होते. त्यांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ‘मी वाचविणारा’ या भूमिकेत एकदा शिरले की समोरच्या मुलाला आई असू शकते, हे साधे वास्तवही दिसेनासे होते, हे ओळखणे अवघड आहे.

येथवर वाचून एखादा वाचक विचारील : तर मग जाऊच नये काय? ढिगाऱ्याखाली हात अडकलेली माता, वरून येणारा हात कोणत्या देशाचा आणि कोणत्या हेतूचा, हे विचारीत नाही. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. शोमरोन्याने जखमी माणसाचा इतिहास वाचून मग तेल ओतले नाही. पहिल्या दिवशी हात हवे असतात, आणि ज्याच्या हाती कौशल्य आहे त्याने ते आखडू नयेत. टीकेचा रोख पहिल्या दिवसावर नाहीच. पहिल्या दिवसालाच संपूर्ण दृष्टान्त समजण्यावर आहे.

दुसऱ्या दिवसाचे भान असलेली माणसे त्याच हैतीत होती. त्यांपैकी एकीचे नाव प्रत्येक धर्मग्रामात ठाऊक असावयास हवे. डॉ. झिल्दा आर्न्स या ब्राझीलच्या बालरोगतज्ज्ञ. कार्डिनल पावलो एव्हारिस्तो आर्न्स यांच्या भगिनी. १९८३ साली त्यांनी ब्राझीलमध्ये ख्रिस्तसभेच्या आश्रयाखाली बालकांसाठी ‘पास्तोराल दा क्रियान्सा’ हे कार्य सुरू केले. हैतीतही असे कार्य उभे राहावे म्हणून त्या तेथे गेल्या होत्या. १२ जानेवारी २०१० रोजी पोर्तो प्रिन्समधील एका चर्चच्या वास्तूत त्यांनी भाषण केले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याच ढिगाऱ्याखाली त्यांना मरण आले. त्या भूकंपानंतर आल्या नव्हत्या, आधी आल्या होत्या, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. बालकांची खरी आपत्ती रोजचीच आहे, हे त्यांना माहीत होते.

त्यांचे ते अखेरचे भाषण मागे राहिले आहे. वाङ्मयीन दृष्ट्या ते साधे आहे; त्यात अलंकार नाहीत, वजनकाटे आहेत, मीठ-साखर-पाण्याचे द्रावण आहे, गर्भवती मातांच्या घरभेटी आहेत. परंतु त्यांच्या कार्यपद्धतीचे मूळ पाच भाकरी आणि दोन मासळ्यांच्या प्रसंगात आहे. प्रभूने बाहेरून भाकरी मागविल्या नाहीत. जमावाला गटागटाने बसविले, त्यांच्यापाशी काय आहे ते विचारले, आणि जे होते तेच घेऊन आशीर्वाद दिला. त्यानुसार वस्तीतीलच एखादी स्त्री निवडावयाची, तिला शिकवावयाचे, आणि शेजारच्या घरांतील मुलांची जबाबदारी तिच्यावर सोपवावयाची. या रचनेत बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला नायक होता येत नाही. नायिका वस्तीतील ती स्त्री असते. म्हणजे आर्न्सबाई परदेशी सेवेला गेल्या त्या रक्षक घडविण्यासाठी. आमच्या कसोटीला संपूर्णपणे उतरणारे एकच लेखन निवडा म्हटले, तर आम्ही त्या जाड ग्रंथांपेक्षा हे छोटे भाषण निवडू.

परदेशी भूकंपसेवेचा आणखी एक जुना धागा आपल्या देशाशी जुळलेला आहे. तेव्हा परदेश म्हणजे आपण होतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ हादरले. जमिनीला भेगा पडून त्यांतून वाळू व पाणी वर आले आणि पिकाऊ शेते वाळूखाली गेली. हे वृत्त ऐकून पिएर सेरेझोल नावाचे पन्नाशी उलटलेले स्विस अभियंते बिहारमध्ये आले. त्यांचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते; ते स्वतः मात्र युद्धास विरोध म्हणून तुरुंगवास पत्करणारे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, वर्दूनजवळच्या उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांना घेऊन त्यांनी फावडी चालविली होती. त्यातूनच आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची चळवळ जन्मली. बिहारात येताच त्यांनी तंबू ठोकला नाही. गांधीजींना व राजेंद्रप्रसादांना ते भेटले, परिस्थिती पाहिली, परत गेले, आणि मग मोजक्या सहकाऱ्यांसह पुन्हा आले. १९३७ पर्यंत मुझफ्फरपूरच्या बाजूस गावउभारणीच्या कामात त्यांचे येणे-जाणे चालू राहिले. त्यांनी येथून लिहिलेली पत्रे पुढे फ्रेंचमध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘हिंदूंसमवेत राहताना’ असा आहे. ‘हिंदूंना वाचविताना’ असा नाही. एका शब्दाचा फरक, पण सगळी भूमिका त्यात आली.

त्याच बिहारमध्ये रक्षकही होता. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदतसमितीच्या पैशाचा हिशेब जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होता. ते तमिळ ख्रिस्ती घराण्यातले, विलायतेत शिकलेले हिशेबतज्ज्ञ. खुद्द गांधीजींबरोबरच्या मंडळींचा खर्च मदतनिधीतून करण्यास त्यांनी नकार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे कार्य करणारे कुमारप्पा ते हेच. दोन दिनारांचा चोख हिशेब ठेवणारा असा रक्षक मिळाला की शोमरोन्याला निर्धास्तपणे पुढे जाता येते आणि परतही येता येते. सेरेझोल यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मदतकार्याच्या कथेत हिशेबनीसाला मात्र क्वचितच स्थान मिळते. हे आम्हांस अन्यायाचे वाटते.

आपल्या महाराष्ट्रानेही यजमानपण भोगले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, किल्लारी आणि परिसर ढासळला. देशातून व परदेशांतून मदत आली. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. त्यांतील अनेक गावांत शहरी वसाहतींसारख्या सरळ रांगा आखल्या गेल्या. शेतकऱ्याला गुरे, चारा, अवजारे आणि शेजार यांच्यासह कसे राहावे लागते, याचा विचार मागे पडला. उलट, ज्या सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती व मजबुती झाली, तेथे घरमालकालाच कामावर देखरेख ठेवावयाची होती. तेथे भिंतीबरोबर माणसाचा आत्मविश्वासही उभा राहिला. एकाच भूकंपाने दिलेले हे दोन निकाल आहेत. पहिल्यात घर दिले गेले; दुसऱ्यात घर बांधणाऱ्याला साथ दिली गेली.

फार्मर यांचा आवडता शब्द हाच आहे. कोणा एकाबरोबर चालणे, त्याच्याबरोबर भाकर मोडणे, असा त्या शब्दाचा लॅटिन मुळातील अर्थ. आपल्या भाषेत त्याला ‘सोबत’ हा सुंदर शब्द आहे. आजाऱ्याच्या घरी आपण रात्री सोबतीला जातो. तेथे आपण घरमालक नसतो, वैद्यही नसतो. हाक मारली तर उठावे, एरवी बसून राहावे, एवढेच आपले काम. आणि सोबत केव्हा संपली, हे सोबत करणाऱ्याने ठरवावयाचे नसते. फार्मर स्वतः हे शिकले ते कांज या गावात, फादर फ्रिट्झ लाफोन्ताँ या हैतीतीलच अँग्लिकन धर्मगुरूंच्या आश्रयाने. म्हणजे या प्रसिद्ध शोमरोन्यालाही आधी एका रक्षकाने घडविले होते.

भूकंपानंतर मिरबाले येथे ३०० खाटांचे शिक्षणरुग्णालय २०१३ साली सुरू झाले. हैतीचे डॉक्टर व परिचारिका तेथे शिकल्या, राबल्या. २०२५ साली सशस्त्र टोळ्यांनी ते गाव बळकावले आणि रुग्णालय रिकामे करावे लागले. ही वार्ता वाचून आमचे मन विषण्ण झाले. मग हे सारे व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. इमारत टोळ्यांच्या हाती पडू शकते. शिकलेली परिचारिका आपली विद्या बरोबर घेऊन निघते. पण एवढे मात्र खरे की दुसरा दिवस फार लांब असतो. पंधरा वर्षांनंतरही तो मावळलेला नाही, आणि कॅमेरे केव्हाच परतले आहेत.

आता थोडे आमच्याविषयी. या टीकेतून आम्ही स्वतःला वगळू इच्छीत नाही. आपल्या समाजाच्या नियतकालिकांनीही, आम्ही धरून, देणगी देणाऱ्यांची छायाचित्रे ठळकपणे छापली आणि घेणाऱ्यांना ‘आपद्ग्रस्त’ या एका शब्दात गुंडाळले. यापुढे आपल्या मुलामुलींपैकी कोणी परदेशी अशा कार्यास गेले आणि परतून लिहू लागले, तर त्यांचे आम्ही स्वागतच करू. मात्र लेख हाती घेताना काही साधे प्रश्न विचारू. तेथल्या ज्या माणसाच्या हाताखाली आपण काम केले त्याचे नाव काय? त्याने आपल्याला कोणते काम करू दिले नाही, आणि का? आपण निघालो तेव्हा ते काम कोणाच्या हाती दिले? आणि त्यानंतर आपली विचारपूस कितीदा झाली?

दृष्टान्तातील शोमरोन्याने आपली हकीकत स्वतः लिहिली नाही. ती दुसऱ्यानेच सांगितली, आणि तीत त्याचे नावही आले नाही. तरी दोन हजार वर्षे ती टिकली आहे. परतीच्या वाटेवर तो त्या उतारशाळेत पुन्हा गेला असेल, रक्षकाने त्याला हिशेब दाखविला असेल, आणि तो बरा झालेला माणूस कदाचित दोघांसाठी पाणी घेऊन आला असेल. शुभवर्तमान तेथवर जात नाही. तो भाग लिहिण्याचे काम बहुधा आपल्यावर सोपविले आहे.